ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी, आणि काही बिनसलंच तर त्यानंतर

वैद्यकीय निष्काळजीपणाची तक्रार करायला निघालेल्या बहुतेकांकडे दोनच गोष्टी असतात: डिस्चार्ज कार्ड आणि संताप. संताप रास्त असेलही, पण ग्राहक आयोगापुढे तो पुरावा ठरत नाही, आणि डिस्चार्ज कार्ड तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच लिहिलेलं असतं. म्हणून हा लेख तक्रारीपासून सुरू न करता त्याआधीच्या एका कागदापासून सुरू करतो. तो कागद म्हणजे संमतीपत्र, दवाखान्याच्या बोलीत ‘कन्सेंट’.

आधी दोन तक्रारी वेगळ्या करा

उपचार चुकीचा किंवा हलगर्जीपणाने झाला, ही एक तक्रार. मला न सांगता, न विचारता उपचार केला, ही दुसरी. लोक या दोन्ही एकत्र मिसळतात आणि मग एकही नीट मांडता येत नाही. ऑपरेशन उत्तम झालं तरी संमती नसेल तर डॉक्टर दोषी ठरू शकतो. उलट, संमतीवर सही आहे म्हणून हलगर्जीपणा माफ होत नाही. ‘काहीही झाल्यास डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत’ असं कागदावर छापलेलं असलं आणि खाली तुमची सही असली, तरी त्या वाक्याने निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही.

तिसरी शक्यताही मनात ठेवा: निकाल वाईट लागला, पण चूक कोणाचीच नव्हती. ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग होतो, गाठ पुन्हा येते, हृदय बंद पडतं. सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली स्पष्ट केलं की कसोटी एकच आहे: त्या शाखेचा साधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतली गेली का? सर्वात हुशार डॉक्टरने काय केलं असतं, हे तिथे विचारलं जात नाही. दोन मान्य पद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली आणि ती लागू पडली नाही, तर तेवढ्यावरून तो निष्काळजी ठरत नाही.

संमती कशाला म्हणतात

भारतात या विषयाचा पाया समीरा कोहली प्रकरणात घातला गेला. निकाल १६ जानेवारी २००८ चा, घटना १९९५ ची, दिल्लीतली. ४४ वर्षांची अविवाहित स्त्री जास्त रक्तस्रावाची तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेली. दुर्बिणीने तपासणी करायची आणि लागल्यास पोट उघडायचं, एवढ्यावर तिने सही केली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईकडून गर्भाशय काढण्याची संमती घेण्यात आली, आणि गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले गेले. डॉक्टरचं म्हणणं होतं की हे पेशंटच्या भल्यासाठीच केलं. न्यायालयाने सांगितलं की पेशंट सज्ञान आहे, तिचा जीव तातडीने धोक्यात नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. तेव्हा आईची सही चालणार नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे.

भरपाई किती मिळाली? २५ लाखांची मागणी होती, मिळाले २५ हजार. शिवाय डॉक्टरला फी मागता येणार नाही, असंही न्यायालयाने ठरवलं. तत्त्व मोठं आणि रक्कम लहान, हे नव्याने या वाटेला लागणाऱ्याने लक्षात ठेवावं. नुसत्या संमतीच्या मुद्द्यावर मोठी भरपाई मिळेल, अशी आशा कोणी वकील दाखवत असेल तर चार प्रश्न जास्त विचारा.

त्याच निकालात डॉक्टरने काय काय सांगायला हवं तेही आलं आहे: उपचाराचं स्वरूप आणि हेतू, फायदा, मोठे धोके, दुसरे पर्याय, आणि उपचार नाकारला तर काय होईल. लाखात एखाद्याला होणारे, पुस्तकी धोके सांगायलाच हवेत असं नाही. एका कागदावर तपासणी आणि उपचार दोन्हींची संमती घेता येते, फक्त ते तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. जीव वाचवायला तातडीने काही करावं लागलं तर संमतीसाठी थांबायची गरज नाही. अपघातातला बेशुद्ध पेशंट आला आणि सही करायला कोणी नाही म्हणून डॉक्टरने हात बांधून बसणं चुकीचंच. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच न्यायालयाने म्हटलं होतं की आधी जीव वाचवायचा, कागद मागाहून.

सही करताना

आपल्याकडे अजूनही एक सवय आहे: बाई पूर्ण शुद्धीत, सज्ञान, शिकलेली, आणि तरी ‘मिस्टरांना बोलवा, सही लागेल’. कायद्याच्या नजरेत शुद्धीतल्या सज्ञान पेशंटची स्वतःची सही हीच खरी सही. नवरा, मुलगा, भाऊ साक्षीदार म्हणून सही करू शकतात. गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही मागितलेली नाही. मूल होण्याची क्षमता जाईल अशा ऑपरेशनसाठी मात्र डॉक्टरांच्या आचारसंहितेत, म्हणजे २००२ च्या नियमांत, पती-पत्नी दोघांची संमती सांगितली आहे. लहान मुलांसाठी पालक सही करतात.

आता प्रत्यक्ष कागदाकडे वळू. तो कोरा असेल, म्हणजे ऑपरेशनचं नाव, डॉक्टरचं नाव, तारीख, वेळ यांच्या जागा मोकळ्या असतील, तर त्या भरून घ्या आणि मगच सही करा. नर्स घाई करेल. शांतपणे ‘सिस्टर, नाव लिहून द्या, मी लगेच सही करतो’ म्हणा. यात कोणाचा अपमान नाही. फॉर्म इंग्रजीत असेल आणि तुम्हाला इंग्रजी येत नसेल, तर मराठी फॉर्म मागा किंवा कोणाकडून वाचून घ्या, आणि सहीच्या वरच्या जागेत स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘मला अमुक डॉक्टरांनी मराठीत समजावून सांगितलं’. समजावलं नसेल तर तेही लिहा. तारीख आणि वेळ घालायला विसरू नका. पुढे वाद झालाच, तर ऑपरेशनच्या दहा मिनिटं आधी स्ट्रेचरवर घेतलेली सही आणि आदल्या संध्याकाळी घेतलेली सही यांत फरक पडतो.

मग डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. हे ऑपरेशन आत्ताच करायला हवं का, की थांबता येईल? दुसरा उपाय कोणता? सर्वात मोठा धोका कोणता, आणि तो माझ्या वयामुळे, साखरेमुळे, रक्तदाबामुळे वाढतो का? ऑपरेशन कोण करणार, तुम्ही की तुमचे सहायक? शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात. विचाराच, कारण नाव एकाचं बघून दाखल व्हायचं आणि हात दुसऱ्याचा लागायचा, हे घडतं. भुलीची संमती वेगळी असते. भूलतज्ज्ञ येऊन बोलतात तेव्हा त्यांना जुनी औषधं, ॲलर्जी, दमा, हलणारे दात, सगळं सांगा. माहिती लपवली तर पुढे तीच तुमच्यावर उलटते.

‘हाय रिस्क कन्सेंट’ असा शिक्का मारलेला कागद आला की घाबरून जाऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. धोका नेमका कोणता, हे त्यावर लिहून घ्या. ‘काहीही होऊ शकतं’ ही माहिती नव्हे. जमल्यास सही केलेल्या कागदाचा मोबाईलवर फोटो घ्या. कोणी हरकत घेतली तर प्रत मागा.

काही बिनसलं तर पहिले काही दिवस

सर्वात आधी कागद. २००२ च्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास डॉक्टरने ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि दाखल पेशंटच्या नोंदी किमान ३ वर्षं जपून ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली रघुनाथ रहेजा प्रकरणात पेशंटला केस पेपर मिळालेच पाहिजेत, असं स्पष्ट सांगितलं. तरीही काउंटरवर ‘आमच्याकडे असं देत नाहीत’ हे वाक्य ऐकू येतं. तोंडी भांडत बसू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा.

‘फाईल द्या’ एवढंच लिहिलं तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडेल. म्हणून नावं घेऊन मागा: इनडोअर केस पेपर, ऑपरेशनच्या नोटा, भुलीची नोंद, नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, संमतीपत्रं, तपासण्यांचे रिपोर्ट, एक्स-रे व स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी, आणि तपशीलवार बिल. खरी गोष्ट बहुधा नर्सिंग चार्टमध्ये दडलेली असते. रात्री अडीचला ताप किती होता, रक्तदाब कधी उतरला, डॉक्टरांना फोन केव्हा गेला, हे तिथे तासातासाला टिपलेलं असतं. डिस्चार्ज कार्ड मागाहून निवांत लिहिलेलं असतं, चार्ट त्या वेळी.

बिल भरलं नाही म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवणं महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत, २०२१ च्या दुरुस्तीनुसार, मना आहे. त्याच नियमांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं.

पेशंट दगावला असेल आणि मनात शंका असेल, तर अंत्यविधीच्या आधी शवविच्छेदनाची मागणी करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा. हे लिहायलाही जड जातं. घरातल्या वडीलधाऱ्यांना नको असतं, गाव जमलेलं असतं. पण मृत्यूचं कारण नंतर ठरवायला याच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही, आणि एकदा अग्नी दिला की ती वाट बंद होते.

तोडफोड, मारहाण अजिबात नको. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याप्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट वसुली होऊ शकते. शिवाय खऱ्या तक्रारीवर पाणी पडतं ते वेगळंच.

नंतर घरी बसून तारीखवार टिपण करा. कोणत्या दिवशी काय झालं, कोण काय बोललं, कोण हजर होतं. विशेषणं टाळा. स्मरण ताजं असतानाचं टिपण दोन वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा कितीतरी उपयोगी.

दुसऱ्या डॉक्टरचं मत

हा सगळ्यात अवघड टप्पा. त्याच गावातला डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहून द्यायला बहुधा तयार होत नाही. रत्नागिरीचा कागद कोल्हापूरला, नाशिकचा नागपूरला दाखवावा लागतो. संपूर्ण फाईल न्या आणि ‘यात चूक आहे ना?’ असं विचारू नका. ‘या परिस्थितीत साधारणपणे काय करतात?’ असं विचारा. उत्तर लेखी मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तरी तक्रारीचा रोख कुठे ठेवायचा ते कळतं. डॉक्टरने ‘यात मला काही चूक दिसत नाही’ म्हटलं तर तेही मनावर घ्या. आणखी एका डॉक्टरला विचारा, आणि दोघांचं एकच मत पडलं तर थांबण्याचा विचार करा.

प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा दाखला लागतोच असं नाही. हिवतापाच्या पेशंटला टायफॉइडचे उपचार दिल्याच्या प्रकरणात, २०१० साली किशन राव निकालात, सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं. काही घटना स्वतःच बोलतात. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ साली नसबंदीच्या ऑपरेशननंतर एका स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरलं. टॉवेल पोटात कसा राहिला, हे सिद्ध करण्याचा बोजा तिच्या घरच्यांवर टाकला गेला नाही. मात्र निकालाला लागलेली ३३ वर्षंही नजरेआड करू नका.

कुठे जायचं

तीन दारं आहेत, आणि तिन्हींच्या आत वेगळी गोष्ट मिळते.

पैशाची भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. २०१९ च्या नव्या कायद्यानंतर डॉक्टरांच्या एका संघटनेने यावर शंका काढली होती, ती २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाली. ज्या दवाखान्यात सगळ्यांना सगळं मोफत, तिथली सेवा यात येत नाही. केस पेपरचे पाच-दहा रुपये भरले म्हणून ती सशुल्क होत नाही. काहींना फुकट आणि काहींकडून पैसे, अशा दवाखान्यात मोफत पेशंटलाही तक्रार करता येते. पूर्णपणे मोफत सरकारी दवाखान्याविरुद्ध दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरतो.

डॉक्टरच्या वर्तनावर कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिल. कौन्सिल ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळ किंवा कायमची रद्द करू शकते. पैसे देववत नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. तेव्हा डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक आधी पाहा. होमिओपॅथीच्या डॉक्टरची तक्रार मेडिकल कौन्सिलकडे गेली तर महिने वाया जातात.

फौजदारी गुन्हा हे तिसरं दार, आणि ते सर्वात जड. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या निष्काळजी उपचाराने मृत्यू झाल्यास २ वर्षांपर्यंत कैद व दंड. पण त्यासाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ, अक्षम्य हलगर्जीपणा लागतो, आणि पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. शक्यतो ते सरकारी डॉक्टरचं असावं. डॉक्टरवर दबाव आणून पैसे काढण्यासाठी गुन्हा नोंदवायचा, हा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका.

ग्राहक आयोगात तक्रार

मुदत २ वर्षांची. उशिराचं कारण पटलं तर माफी मिळते, पण भरवसा धरू नका. मुंबईत १९९३ साली पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या, गोव्यात काम करणाऱ्या एका नर्सच्या पोटात २००२ साली गॉज, म्हणजे रक्त टिपायचा जाळीदार कपडा, सापडला. तिने २००४ साली तक्रार केली. गॉज कळल्यापासून मुदत मोजा, हे तिचं म्हणणं टिकलं नाही. इतकी वर्षं पोट दुखत असताना, स्वतः नर्स असूनही डॉक्टरकडे परत का गेली नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली विचारलं आणि तक्रार मुदतबाह्य ठरवली. मला हा निकाल कठोर वाटतो. पण तो आहे, आणि समोरचा वकील तो काढणारच.

कोणत्या आयोगात जायचं, हे तुम्ही दवाखान्याला दिलेल्या पैशांवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत बिल असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. म्हणजे बिल ३ लाखांचं आणि मागणी ४० लाखांची असली तरी जिल्हा आयोगच, आणि ५ लाखांपर्यंतच्या बिलाला फी शून्य. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑपरेशन पुण्यात आणि घर लातूरला असेल तर पुण्याच्या चकरा वाचतात. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाईनही दाखल होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर प्राथमिक माहिती मिळते; मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात.

वकील सक्तीचा नाही. तरी वैद्यकीय प्रकरण फ्रिजच्या वॉरंटीसारखं नसतं. जमत असेल तर अशी प्रकरणं चालवलेला वकील घ्या. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

तक्रारीत दवाखाना आणि डॉक्टर दोघांनाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते पक्ष, करा. नेमका कोणता डॉक्टर चुकला हे कळत नसेल तरी अडत नाही. सविता गर्ग प्रकरणात २००४ साली ठरलं की दवाखान्यानेच खुलासा करायचा. मजकूर तारीखवार लिहा. कोणती कृती चुकली किंवा कोणती संमती घेतली नाही, ते स्वतंत्र परिच्छेदांत मांडा. भरपाईचा हिशेब फोडून द्या: झालेला खर्च, पुढे लागणारा खर्च, बुडालेली कमाई, वेदना व मनस्ताप. आकडा हवेतला असेल तर बाकीचंही हवेतलं वाटायला लागतं. सोबत प्रतिज्ञापत्र, बिलं, केस पेपर, मिळालं असल्यास तज्ज्ञाचं मत, आणि कागद मागितल्याच्या अर्जाची पोच. कागद दिलेच नसतील, तर ती पोच हाच तुमचा मोठा पुरावा.

सामनेवाल्यांना लेखी उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. मृत्यू किंवा गंभीर इजेची प्रकरणं मध्यस्थीकडे पाठवली जात नाहीत. आयोग फाईल सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांकडे मतासाठी धाडू शकतो. तेव्हा तज्ज्ञांना विचारायचे प्रश्न तुमच्या बाजूनेही लेखी द्या, नाहीतर ‘उपचार योग्य होते’ असं एका ओळीचं उत्तर येतं. कायद्यात निकालासाठी ३ ते ५ महिने सांगितलेत. प्रत्यक्षात काही वर्षं धरून चाला, आणि त्या हिशेबाने मूळ कागद एका जागी, प्रती दुसऱ्या जागी ठेवा.

निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील. बाजूने लागला आणि दवाखाना अपिलात गेला, तर त्याला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत लागते, ती निकालाच्या दिवशीच मागून ठेवा.